तारली तळच्या पाण्यावर, बोंबील भरतीवर : सचिन ते गोवा, एकाच समुद्राची दोन रसायनं

मुंबई-अहमदाबाद रेल्वेमार्गावर नवसारी सोडली की मरोली आणि त्यानंतर सचिन. क्रिकेटपटूशी या नावाचा काही संबंध नाही, गाव त्याच्या कितीतरी आधीचं. आता ते सुरत महापालिकेत आलंय. इथल्या जीआयडीसीत आणि शेजारच्या पांडेसरा, उधना भागात जळगाव, धुळे, नंदुरबारकडून आलेली मराठी कुटुंबं मोठ्या संख्येनं राहतात. पश्चिमेला डुमसचा काळसर वाळूचा किनारा, उत्तरेला तापीचं मुख, दक्षिणेला मिंढोळा नदी.

इथल्या मासळी बाजारात बोंबील हा घरचा मासा. गुजरातीत त्याला बुमला म्हणतात. तारली मात्र पाहुणी. ती मुख्यतः रत्नागिरीच्या खालून, सिंधुदुर्ग, गोवा, कारवार ते केरळ या पट्ट्यातून येते. समुद्र एकच, अरबी. मग उत्तरेला बोंबील आणि दक्षिणेला तारली अशी वाटणी का? माशाच्या आवडीनिवडीपेक्षा त्याच्या खाण्याकडे पाहिलं तर उत्तर लवकर सापडतं. दक्षिणेच्या समुद्राला खत तळातून मिळतं आणि उत्तरेच्या समुद्राला ते नद्या, भरती-ओहोटी आणि थंडीचे वारे देतात. तळातून खत वर येण्याच्या या क्रियेला शास्त्रात अपवेलिंग म्हणतात. शालेय भाषेत सांगायचं तर खोल पाण्याचं ऊर्ध्ववहन.

या दोन किनाऱ्यांचं नातं इतिहासातही आहे. मुरूड-जंजिऱ्याचा सिद्दी अब्दुल करीम याकूत खान यानं १७९१ साली पेशव्यांशी करार करून जंजिऱ्यावरचा हक्क सोडला आणि बदल्यात सचिनची जहागीर घेतली. त्यातूनच सचिन संस्थान उभं राहिलं. कोकणच्या समुद्रातला किल्ला देऊन तापीच्या मुखाजवळचा मुलूख घेण्याच्या या व्यवहारात समुद्राचा स्वभावही बदलला, पण ते तेव्हा कोणाच्या लक्षात येण्यासारखं नव्हतं.

वारा किनाऱ्याला समांतर, पाणी मात्र बाहेर

समुद्रावर वारा वाहिला की पाणी वाऱ्याच्या दिशेनं जात असेल, असं वाटतं. तसं होत नाही. पृथ्वी स्वतःभोवती फिरत असल्यानं उत्तर गोलार्धात हलणारं पाणी उजवीकडे वळतं. नॉर्वेचे संशोधक फ्रिट्यॉफ नान्सेन यांनी आर्क्टिकच्या सफरीत पाहिलं की बर्फाचे तुकडे वाऱ्याच्या रेषेत न जाता उजवीकडे सरकतात. त्याचं गणित स्वीडनच्या वॅग्न एकमान यांनी १९०५ साली मांडलं. वरच्या काही दशक मीटर जाडीच्या थराचा एकत्र हिशोब केला तर पाणी वाऱ्याशी काटकोन करून उजवीकडे जातं.

आता हे भारताच्या पश्चिम किनाऱ्याला लावून पाहायचं. पावसाळ्यात वारे नैर्ऋत्येचे असं आपण म्हणतो. पण किनाऱ्याजवळ येताना ते बरेच वळतात आणि पश्चिम-वायव्येकडून येतात. म्हणजे त्यांचा काही भाग किनाऱ्याला समांतर, उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहतो. दक्षिणेकडे तोंड करून उभं राहिलं तर उजवा हात पश्चिमेला, खुल्या समुद्राकडे. वरचं पाणी तिकडे सरकतं, किनाऱ्याजवळ जागा रिकामी होते आणि ती भरायला खालचं पाणी वर येतं.

फक्त वाऱ्यावर हे भागत नाही. केरळ-कर्नाटकासमोरचा वारा पेरू किंवा कॅलिफोर्नियाच्या मानानं कमजोर असतो, तरी तळचं पाणी वर येतं. कारण पावसाळ्यात किनाऱ्यालगतचा प्रवाह दक्षिणेकडे वाहू लागतो आणि त्याच्याबरोबर थंड-उबदार पाण्याची सीमारेषा किनाऱ्याकडे तिरकी होऊन वर चढते. शिवाय श्रीलंका आणि कन्याकुमारीला वळसा घालून किनाऱ्याकिनाऱ्यानं उत्तरेकडे सरकणाऱ्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रचंड लांब लाटा हा बदल पुढे पुढे पोहोचवतात. त्यामुळे वारा जोरात सुरू व्हायच्या आधीच दक्षिण टोकाला खालचं पाणी हलायला लागतं.

वेग म्हणाल तर मुंगीचा, दिवसाला मीटर-दोन मीटर. मे-जूनमध्ये दक्षिण केरळात सुरुवात होते, नंतर ते मंगळूर-कारवारकडे, आणि गोव्यासमोर त्याचा खरा प्रभाव जुलै ते सप्टेंबरात दिसतो. पुढे रत्नागिरीच्या वर ही खूण पुसट होत जाते. सचिनच्या अक्षांशावर, म्हणजे २१ अंश उत्तरेला, दक्षिणेसारखं अपवेलिंग नाहीच.

वर येणाऱ्या पाण्यात काय असतं

समुद्रात वरच्या थरातच उजेड असतो. तिथे सूक्ष्म वनस्पती वाढतात, मरतात, खाल्ल्या जातात, आणि मेलेलं-विष्ठेतलं सगळं खाली बसतं. खाली जीवाणू ते कुजवतात. त्यामुळे वर्षानुवर्षं खालच्या पाण्यात नायट्रेट, फॉस्फेट आणि सिलिकेट साठत जातं. शेतकऱ्याच्या भाषेत हा उकिरडा. खत भरपूर, पण उजेड नाही म्हणून तिथे काही उगवत नाही. वर उजेड भरपूर, पण खत संपलेलं. अपवेलिंग या दोघांची गाठ घालून देतं.

हे खत किती प्रमाणात लागतं, याचा ठोकताळा अमेरिकेचे आल्फ्रेड रेडफिल्ड यांनी १९३४ मध्ये दिला. समुद्रातल्या सूक्ष्म सजीवांच्या शरीरात फॉस्फरसच्या १ अणूमागे नायट्रोजनचे १६ आणि कार्बनचे १०६ अणू असतात. खोल पाण्यातही नायट्रेट आणि फॉस्फेट जवळपास याच प्रमाणात सापडतं. पेरणीला बरोबर तोलून मिळालेलं मिश्रखत जणू.

पण उकिरड्याचं पाणी म्हटल्यावर त्यात दुसरंही आलंच. कुजण्याच्या क्रियेत प्राणवायू खर्च होतो आणि कार्बन डायऑक्साइड तयार होतो. म्हणून वर येणारं पाणी थंड, खतानं भरलेलं, पण प्राणवायूला कंगाल आणि थोडं आम्लतेकडे झुकलेलं असतं. समुद्राच्या पृष्ठभागाचा पीएच साधारण ८.१. वर आलेल्या पाण्यात तो ७.८ किंवा त्याहूनही खाली जाऊ शकतो. आकड्यांत फरक किरकोळ वाटतो. पण पीएचची मोजपट्टी अशी आहे की ०.३ नं उतरला तर आम्ल आयनांचं प्रमाण दुप्पट होतं. कालवं, तिसऱ्या यांची पिल्लं ज्या चुन्यापासून कवच बांधतात तो चुना अशा पाण्यात टिकायला जड जातो. अमेरिकेच्या ऑरेगॉन किनाऱ्यावर २००७-०८ च्या सुमाराला कालवांची बीजोत्पादन केंद्रं अडचणीत आली. पिल्लं लाखोंनी मरत होती. आधी संशय रोगजंतूंवर गेला, नंतर लक्षात आलं की अपवेलिंगचं पाणी टाक्यांत येत होतं.

खत आणि गुदमरणं एकाच पाण्यातून येतं. खत हवं पण ते दुसरं नको, असं म्हणून चालत नाही.

एका पेशीपासून तारलीपर्यंत

उजेडात आलेलं हे खत पहिल्यांदा पकडतात डायाटम. काचेसारखं कवच असलेल्या या एकपेशी वनस्पती. कवच सिलिकाचं, म्हणून त्यांना सिलिकेट लागतं. सोयीची परिस्थिती असेल तर पेशी दिवसातून एकदा दुभंगते. एकाच्या दोन, दोनाच्या चार. दहा दिवसांत एकाच्या हजारावर. सिलिकेट संपत आलं की डायाटम मागे पडतात आणि दुसऱ्या प्रकारचे, शेपटीसारख्या तंतूंनी पोहणारे एकपेशी जीव पुढे येतात. या सगळ्यांना मिळून वनस्पती-प्लवक म्हणायचं. पृथ्वीवरच्या एकूण प्रकाशसंश्लेषणापैकी जवळपास निम्मं काम समुद्रातले हे जीव करतात, हे शाळेत झाडांबद्दलच शिकलेल्यांना पटकन पटत नाही.

त्यांना खाणारे प्राणी-प्लवक, त्यात तांदळाच्या कणीएवढे कोपेपॉड सर्वांत जास्त. त्यांना खाणारे लहान मासे. जमिनीवर काय आणि समुद्रात काय, साखळीच्या प्रत्येक पायरीवर ऊर्जेचा साधारण दहावा हिस्साच पुढे जातो. तारलीचं वैशिष्ट्य असं की ती साखळीतली एक पायरी गाळते. तिच्या कल्ल्यांत बारीक चाळणी असते आणि ती डायाटम थेट गाळून खाते. म्हणूनच अपवेलिंगच्या पट्ट्यात तारलीसारखे मासे थव्यांनी वाढतात. बांगडाही प्लवकांवरच जगतो. जगातही हेच चित्र. पेरू, कॅलिफोर्निया, वायव्य आफ्रिका आणि नामिबियाचे अपवेलिंगचे पट्टे समुद्राच्या क्षेत्रफळाच्या दोन टक्क्यांच्या आसपासच, पण जगातल्या समुद्री मासळीचा सुमारे पाचवा भाग तिथून येतो.

मात्र हा भरवशाचा धंदा नाही. पेरूत १९७० च्या सुमाराला अँकोव्हीचं उत्पादन १ कोटी टनांवर गेलं होतं. १९७२ च्या एल निनोत उबदार पाणी वर पसरलं, तळचं खत वर येईना, त्यात बेसुमार मासेमारीची भर पडली आणि धंदा कोसळला. आपल्याकडे केरळात तारलीचं उत्पादन २०१२ मध्ये ४ लाख टनांच्या घरात होतं. २०२१ मध्ये ते साडेतीन हजार टनांच्या आत आलं. कोचीची केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था दरवर्षी हे आकडे काढते. एवढ्या चढउताराचं एकच कारण कोणी सांगत असेल तर जरा सावधच राहावं. पाण्याचं तापमान, पाऊस, अपवेलिंगची वेळ, अंडी घालायच्या वेळची मासेमारी, सगळ्याचा त्यात हात असतो.

गोव्याचं झाकण

अपवेलिंगचा दुसरा चेहरा सगळ्यात स्पष्ट दिसतो तो गोव्यासमोर. पणजीजवळच्या दोनापावल इथे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, १ जानेवारी १९६६ ला स्थापन झालेली. तिचे संशोधक १९९७ पासून कांदोळीसमोरच्या समुद्रात वारंवार जाऊन ठरावीक जागी, ठरावीक खोलीवर पाण्याचे नमुने घेत आले आहेत. तिथे समुद्र जेमतेम पंचवीस-तीस मीटर खोल. बोटीनं जाऊन बाटल्या भरून आणणं हे काम दिसायला कंटाळवाणं. पण भारताच्या पश्चिम किनाऱ्याबद्दल आज जे ठामपणे सांगता येतं, त्यातलं बरंच या बाटल्यांमुळे.

पेरूत पाऊस जवळपास नाहीच, त्यामुळे तळचं पाणी थेट पृष्ठभागावर येतं आणि हवेशी मिसळतं. कोकण-गोव्यात अपवेलिंगचा काळ आणि धुवांधार पावसाचा काळ एकच. मांडवी-जुवारीसारख्या नद्यांचं आणि आभाळातलं गोडं पाणी समुद्रावर पसरतं. ते हलकं असल्यानं वरच तरंगतं. पाच-दहा मीटर जाडीचं हे गोड्या पाण्याचं झाकण. खालून आलेलं थंड, जड, प्राणवायू कमी असलेलं पाणी या झाकणाखाली अडकतं. वरून हवा खाली जात नाही. वर प्लवक वाढतात, मरून खाली पडतात, आणि त्यांना कुजवायला उरलासुरला प्राणवायूही खर्च होतो.

एरवी उबदार समुद्राच्या पृष्ठभागाला लिटरमागे सहा मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू असतो. दोनच्या खाली गेलं की बहुतेक माशांना तिथे राहवत नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरात गोव्याच्या तळाजवळ तो शून्यालाही टेकतो. मग जीवाणू दुसरा मार्ग काढतात. आधी नायट्रेटमधला ऑक्सिजन वापरतात. त्यामुळे वर आलेलं खतच नायट्रोजन वायू होऊन उडून जातं. या वाटेवर नायट्रस ऑक्साइडही तयार होतो, जो शंभर वर्षांच्या हिशोबात कार्बन डायऑक्साइडच्या तुलनेत पावणेतीनशे पट वगैरे उष्णता धरून ठेवतो. नायट्रेटही संपलं की पाळी सल्फेटची. त्यातून हायड्रोजन सल्फाइड सुटतो, सडक्या अंड्याच्या वासाचा विषारी वायू.

एस. डब्ल्यू. ए. नक्वी आणि सहकाऱ्यांनी हे सगळं २००० साली ‘नेचर’ या नियतकालिकात मांडलं, तेव्हा ते जगभर चर्चेत आलं. पश्चिम किनाऱ्याच्या समुद्रबूड जमिनीवर दरवर्षी तयार होणारा हा प्राणवायू-तुटवड्याचा पट्टा पावणेदोन ते दोन लाख चौरस किलोमीटरच्या घरात जातो. महाराष्ट्राचं क्षेत्रफळ ३ लाख ८ हजार चौ.किमी., म्हणजे अर्ध्याहून जास्त महाराष्ट्र. उथळ समुद्रातला असा हा जगातला सर्वांत मोठा नैसर्गिक पट्टा मानला जातो. नैसर्गिक, पण फक्त नैसर्गिक नसावा, असं त्यांचं म्हणणं. शेतातलं खत आणि शहरांचं सांडपाणी नद्यांवाटे येऊन वरच्या थरात आणखी प्लवक वाढवतं, ते खाली पडून आणखी प्राणवायू खातं.

तसं पाहिलं तर ही गोष्ट नवी नाही. १९५९ सालीच जे. एन. कॅरुदर्स आणि सहकाऱ्यांनी मुंबईसमोर प्राणवायू कमी असलेला थर उतारावरून किनाऱ्याकडे चढतो आणि त्याचा मासळीवर परिणाम होतो, हे ‘नेचर’मध्येच लिहिलं होतं. त्याच वर्षी कार्ल बान्झे यांनी कोचीसमोर दाखवलं की तळाशी असं पाणी आलं की तळाला राहणारे मासे ती जागा सोडून जातात आणि ट्रॉलची जाळी रिकामी येतात. उलट जे पोहू शकतात ते वर आणि किनाऱ्याकडे ढकलले जातात, थोड्या जागेत दाटीवाटीनं गोळा होतात, आणि सहज हाती लागतात. अशा वेळी भरलेलं जाळं पाहून समुद्रात मासळी वाढली, असा निष्कर्ष काढणं घाईचं होईल.

ऑक्टोबर सरता सरता वारे पडतात, किनाऱ्याचा प्रवाह उलटून उत्तरेकडे वाहू लागतो, उबदार पाणी खाली दाबलं जातं आणि गोव्याचा तळ पुन्हा श्वास घेतो.

डुमसला हे का होत नाही

एक कारण नकाशातच आहे. मुंबई-दमणसमोर समुद्रबूड जमीन तीनशे किलोमीटरच्या आसपास रुंद आहे. केरळात ती याच्या एक चतुर्थांशही बऱ्याच ठिकाणी नाही. खोल पाणी सचिनच्या किनाऱ्यापासून इतकं लांब की वाऱ्यानं कितीही ओढलं तरी ते इथवर पोहोचायला फार मोठा उथळ रस्ता काटावा लागतो.

दुसरं कारण भरती. खंभातचं आखात नरसाळ्यासारखं आहे. तोंडाशी रुंद, आत निमुळतं. भरतीचं पाणी आत शिरताना दाटतं आणि चढतं. भावनगरला उधाणाच्या भरती-ओहोटीतला फरक दहा मीटरपर्यंत जातो, म्हणजे तीन मजली इमारत. जगातल्या मोठ्या भरत्यांत तिची गणना होते. सुरतेजवळ फरक त्याहून कमी, तरी कित्येक मीटरचा. दिवसातून दोनदा एवढं पाणी आत-बाहेर होतं तिथे गोड्या पाण्याचं झाकण टिकणार कसं? ते सतत ढवळलं जातं. त्यामुळे आखाताच्या पाण्यात प्राणवायू वरपासून खालपर्यंत मिसळतो आणि गोव्यासारखं तळाशी गुदमरणं इथे होत नाही.

पण ढवळल्यानं गाळही उठतो. नर्मदा, तापी, मही, साबरमती, चारही नद्यांचा गाळ इथे येतो. पाणी चहासारखं. खत आहे, बरंच आहे, पण उजेड काही हातांच्या खाली जात नाही. म्हणजे खोल समुद्रात अंधारात जे होतं, तेच इथे दिवसाउजेडी, गढूळपणामुळे. वनस्पती-प्लवक खत असूनही हवं तेवढं वाढत नाहीत. भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास भरतीचा जोर कमी असतो, गाळ थोडा बसतो आणि तेवढ्यापुरती त्यांना संधी मिळते.

मग बोंबील जगतो कशावर? गाळाबरोबर तरंगणाऱ्या कुजक्या सेंद्रिय कणांवर जीवाणू वाढतात, त्यावर जवळा आणि बारीक कोळंबी जगते, आणि तिच्यावर बोंबील. उजेड नसला तरी चालणारी ही साखळी आहे. त्याला धरायची पद्धतही भरतीचीच. डोल जाळं खुंटांना बांधून ठेवायचं आणि भरती-ओहोटीच्या ओढीनं मासळी आपसूक आत येऊ द्यायची. देशातला बहुतेक बोंबील गुजरात आणि उत्तर महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरच मिळतो तो यामुळे. जाफराबादपासून डहाणू, वसई, रायगडपर्यंत डोलकर समुद्राकडे नाही, तिथीकडे पाहतात.

या पाण्यात खानदेशाचाही वाटा आहे. मध्य प्रदेशात मुलताईला उगम पावून ७२४ किलोमीटर वाहणारी तापी भुसावळ, जळगाव, धुळे, नंदुरबारच्या शेतांचं पाणी घेऊन सुरतेला येते. १९७२ मध्ये उकाई धरण पूर्ण झालं. धरणं पाण्याबरोबर गाळ आणि सिलिकेटही अडवतात. नायट्रेट मात्र शेतांतून आणि गटारांतून धरणाच्या खालीही येत राहतं. सिलिकेट कमी आणि नायट्रेट जास्त झालं की डायाटमना तोटा आणि बाकीच्यांना फायदा, हे डॅन्यूब नदी आणि काळ्या समुद्राच्या अभ्यासात दिसलं आहे. सुरत, पांडेसरा, सचिनकडचं सांडपाणी खाड्यांवाटे मिंढोळ्याच्या मुखाकडे जातं. उघड्या समुद्रात भरती ते पांगवते. खाडीत, भांगाच्या दिवसांत, उन्हाळ्यात नदीला पाणी नसताना ते पांगत नाही. गोव्यात जे काम गोड्या पाण्याचं झाकण करतं ते इथल्या खाडीत साचलेपणा करू शकतो. प्राणवायू खाणारं पाणी कुठून आलं याच्याशी माशाला देणंघेणं नसतं.

थंडीतला उलटा खेळ

किनारा सोडून सौराष्ट्राच्या पश्चिमेला भर समुद्रात गेलं की आणखी वेगळी तऱ्हा. तिथे प्लवकांचा हंगाम पावसाळ्यात नाही, हिवाळ्यात. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत जमिनीवरून थंड, कोरडे वारे वाहतात. पृष्ठभागावरून बाष्पीभवन होतं, पाणी थंडही होतं आणि खारटही. दोन्हींमुळे ते जड होतं आणि बुडतं. वरचं बुडलं की खालचं वर येतं, आणि शंभर मीटरच्या आसपास खोलीपर्यंत सगळं ढवळून निघतं. नायट्रेट वर येतं, प्लवक फुलतात. एम. मधुप्रताप आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये हे दाखवून दिलं. अपवेलिंगशिवायही समुद्राला खालचं खत मिळू शकतं, याचं हे घरचं उदाहरण.

१९९० च्या दशकात या हिवाळी बहरात डायाटमचा मोठा वाटा असायचा. २००० नंतर हिरवी नॉक्टिल्युका वाढली. डोळ्यांना टिंबासारखी दिसेल एवढी मोठी ही एकपेशी. तिच्या पोटात हिरवे शैवाल राहतात, त्यामुळे ती उन्हावरही जगते आणि दुसऱ्यांना गिळूनही. कोपेपॉडना ती पेलत नाही, ती जाते जेलीफिश आणि साल्प यांच्या पोटी. म्हणजे बहर आला तरी माशांच्या वाट्याला कमी. याच कुळातल्या जीवांमुळे मुंबई-कोकणच्या किनाऱ्यावर रात्री लाटा निळ्या चमकतात.

ती का वाढली यावर मतभेद आहेत. कोलंबिया विद्यापीठाच्या हेल्गा गोम्स, जोआकिम गोएस आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये म्हटलं की कमी प्राणवायूचं पाणी वर पसरत असल्यानं तिला फावतं. हैदराबादच्या इन्कॉइस या संस्थेतल्या अनीश लोटलीकर आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये प्रत्यक्ष मोजमापं देऊन सांगितलं की बहराच्या जागी पाण्यात प्राणवायू पुरेसा होता. वाद मिटलेला नाही, आणि दोन्ही बाजूंनी मोजमापं असल्यानं तो ऐकण्यासारखा आहे.

ढगाआडचा हंगाम

इन्कॉइस मच्छीमारांना संभाव्य मासेमारी क्षेत्राची सूचना मराठी, गुजरातीसह किनारी भाषांतून देते. उपग्रह पाण्याचं तापमान आणि हिरवेपणा मोजतो. थंड आणि उबदार पाण्याची सीमा जिथे हिरवी दिसते तिथे मासळी मिळण्याची शक्यता जास्त. पद्धत कामाची आहे. पण पावसाळ्यात आभाळ झाकलेलं असतं आणि उपग्रहाला समुद्राचा रंग दिसत नाही. पश्चिम किनाऱ्यावर १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक बोटींना बंदी असते, गुजरातेत ती अलीकडे आणखी पुढे गेली आहे. त्यामुळे सूचना नसल्याचं त्या काळात कोणाला जाणवत नाही. नेमका तेव्हाच दक्षिणेत तळचं पाणी चढत असतं. नारळी पौर्णिमेला होड्या पाण्यात जातात तेव्हा सिंधुदुर्ग-गोव्याच्या तळाशी प्राणवायू उतरणीला लागलेला असतो, आणि तो वरून दिसत नाही. तिथे अजूनही बोट, दोरी आणि बाटली लागते.

डुमसच्या किनाऱ्यावर त्याच पौर्णिमेला उधाण असतं. गाळ उसळलेला, पाणी गढूळ, डोल जाळी ताणलेली. पुढच्या अष्टमीला ओढ कमी होईल, पाणी जरा निवळेल, आणि पुन्हा अमावास्येला चढेल.